उत्तर बरोबर, मग गुण का कापला?

मागच्या चाचणीतली गोष्ट. १६/६४ चे अतिसंक्षिप्त रूप विचारले होते. एका मुलाने वरचा ६ खोडला, खालचा ६ खोडला आणि लिहिले १/४. उत्तर बरोबर! मी अर्धाच गुण दिला. दुसऱ्या दिवशी वडील आले. "सर, उत्तर तर बरोबर आहे ना? मग गुण का कापला?"

प्रश्न रास्त होता. मी मुलाला बोलावून १२/२४ दिले. त्याने दोन्हीकडचे २ खोडले आणि पुन्हा लिहिले १/४. बारा म्हणजे चोविसाचे निम्मे, हे वडिलांच्या लगेच लक्षात आले.

आता बघा, मुलाचे पहिले उत्तर सत्य होते. त्यावर त्याचा विश्वासही होता. तरी ते ज्ञान नव्हते.

सत्य कुणाच्या मानण्यावर अवलंबून नसते. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले, पण ते त्याआधीही फिरतच होते. विश्वास मात्र आपल्या मनात असतो आणि तो चुकीचाही असू शकतो. (मराठीत विश्वास म्हटले की श्रद्धा, भरवसा असे बरेच काही मिसळते. इथे 'खरे आहे असे मानणे' एवढाच अर्थ घ्या.) मत म्हणजे दुसऱ्याला वेगळे वाटू शकते हे मान्य करून धरलेली बाजू. म्हणून मताला कारण विचारायचे नाही असे नाही. 'माझं मत आहे' म्हणून वाद मिटवणे मला पटत नाही.

मग ज्ञानात जास्तीचे काय असते? प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस लारिसा गावच्या रस्त्याचे उदाहरण देतो. रस्ता माहीत नसलेला, पण अंदाज बरोबर आलेला माणूसही लोकांना गावी पोचवेलच की! फरक इतकाच, की नुसती खरी मते डेडॅलसच्या पुतळ्यांसारखी असतात, बांधली नाहीत तर पळून जातात. कारणाच्या दोरीने बांधली की त्यांचे ज्ञान होते. आमच्या मुलाचा १/४ असाच पुढच्या गणिताला पळाला.

आपल्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात कवड्यांचे उदाहरण घेतले. मुठीत कवड्या झाकून विचारले, किती? समोरचा म्हणाला, पाच. मूठ उघडली तर पाचच निघाल्या! याला ज्ञान म्हणायचे का? पर्यायी प्रश्नांत मुलं दुसरं काय करतात! पुढे १९६३ मध्ये एडमंड गेटिअरने अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवले, की चांगले कारण हाताशी असूनही आपला विश्वास निव्वळ योगायोगाने खरा ठरू शकतो. तेव्हापासून ती चर्चा अजून चालूच आहे.

वडील जाता जाता म्हणाले, "पण सर, सगळं स्वतः तपासायचं म्हटलं तर शिकायचं कधी?" खरे आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर 'शब्द' हेही प्रमाण मानले आहे. मात्र तो शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, तर विषय नीट जाणणारा आणि जसा आहे तसा सांगणारा. वर्गात तो आप्त म्हणजे मी. त्या मुलाची वही मी मागे चाळली, तेव्हा तसेच खोडलेल्या दोन गणितांवर माझीच बरोबरची खूण होती.