‘मामा’ आणि ‘प्रिमो’

फसलेल्या माणसाचा आपण ‘मामा’ करतो. स्पेनमध्ये तो ‘प्रिमो’, म्हणजे चुलत वा मावसभाऊ ठरतो. ‘आथेर एल प्रिमो’ या तेथील बोलभाषेतील वाक्प्रचाराचा अर्थ भोळेपणाने फसणे, दुसऱ्यांनी आपला गैरफायदा घेऊ देणे. साम्य असले तरी व्याकरणातील भेद बोलका आहे. मराठीत मामा ‘बनवला’ जातो. कर्ता ठक असतो. स्पॅनिशमध्ये ‘आथेर’ म्हणजे करणे, आणि कर्ता फसणाराच!

तेथील ‘एस्ताम्पिता’ ही जुनी ठकबाजी प्रसिद्ध आहे. १९५९ च्या ‘लोस त्राम्पोसोस’ या चित्रपटात ती रंगविली आहे. वेडगळाचे सोंग घेतलेला ठक नोटांनी भरलेले पाकीट दाखवून, जणू ती देवादिकांची चित्रेच आहेत अशा थाटात, स्वस्तात विकू पाहतो. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ पाहणाऱ्याच्या हाती अखेर कागदाचे कपटे उरतात.

येथे लोभाचा वाटा नाकारता येत नाही. म्हणूनच हा वाक्प्रचार स्वतःविषयी वापरणे हिताचे; तो सावध करतो. दुसऱ्यावर फेकला, की फसलेला लाजेने तक्रार करीत नाही आणि ठकाला मात्र मोकळे रान मिळते.