स्टीन्सचे बर्फ आणि पायथ्याची कुरणे

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात सुमारे १,२५० मीटर उंचीवर पसरलेल्या हार्नी खोऱ्याला वाळवंट म्हटले जात असले, तरी तेथे वाळूपेक्षा सेजब्रश या करड्या, उग्र वासाच्या झुडपाचेच राज्य आहे. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प कॅस्केड पर्वतरांग अडवते, त्यामुळे हा प्रदेश पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कोरड्या पट्ट्यात, येतो. शिवाय येथील नद्या समुद्राला न मिळता मालह्यूर आणि हार्नी या सरोवरांत जिरतात.

या कोरडेपणात गुरे जगली ती स्टीन्स पर्वतामुळे. २,९६७ मीटर उंचीचा हा गट पर्वत, म्हणजे प्रस्तरभंगाच्या कडेने वर उचलला गेलेला भूकवचाचा ठोकळा, पूर्वेस अल्वर्डच्या उजाड मैदानावर कड्यासारखा तुटतो, तर पश्चिमेस हळूहळू उतरत जातो. त्याचा खडक सह्याद्रीप्रमाणेच लाव्हाच्या थरांचा, पण वयाने बराच तरुण, सुमारे पावणेदोन कोटी वर्षांचा आहे. पश्चिम उतारावरचे बर्फ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरवून पुरवून वितळते, डॉनर उंड ब्लिट्झेन नदी फुगते आणि पायथ्याची कुरणे पाण्याखाली जाऊन हिरवी होतात. वर्षाकाठी पाऊस किती पडतो, यापेक्षा पाणी केव्हा उतरते, हेच येथे निर्णायक ठरले.

१८७२ साली कॅलिफोर्नियातून सुमारे १,२०० गुरे घेऊन आलेल्या पीट फ्रेंचने हे मर्म ओळखले आणि नदीकाठची जमीन ताब्यात घेत डोंगरावरची चराईही आपल्याकडे वळवली. उन्हाळ्यात गुरे वर, हिवाळ्यात खाली वाळल्या गवतावर, हा क्रम त्याच्यासोबतच्या ‘व्हाकेरो’ नावाच्या स्पॅनिशभाषक घोडेस्वार गुराख्यांनी सांभाळला. त्या शब्दाचाच पुढे ‘बकारू’ झाला. हिवाळ्यात घोडे शिकवण्यासाठी जुनिपरचे खांब रोवून उभारलेला, सुमारे ३० मीटर व्यासाचा गोल गोठा आजही उभा आहे. मात्र या वारशाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही, की ही भूमी मुळात वाडाटिका पायूट या मूळनिवासी लोकांची होती आणि अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८७८ च्या बॅनक युद्धानंतर त्यांना भर हिवाळ्यात बर्फातून दूर याकामा राखीव क्षेत्रात हाकलण्यात आले.

१८९७ मध्ये जमिनीच्या वादातून फ्रेंचची हत्या झाली. १९०८ मध्ये सरोवरांभोवती पक्षी अभयारण्य स्थापन झाले आणि १९३५ मध्ये ब्लिट्झेनचे खोरेही त्यात आले. तेथील काही कुरणांत आजही गवत कापले जाते, पण क्रौंचांसारख्या पाणथळीतील पक्ष्यांची पिल्ले मोठी होईपर्यंत कापणी थांबवून धरली जाते.