लहान सुखांची किंमत

सुख म्हणजे एखादी मोठी, दूरची व क्वचित् हातीं लागणारी वस्तु आहे, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. वर्गांत पहिला नंबर, नवी सायकल, मोठ्या पगाराची नोकरी, यांपैकीं एखादी गोष्ट पदरांत पडली म्हणजे आपण कायमचे सुखी होऊं, असें मन सांगत असतें. हा समज कितपत खरा आहे, हें मानसशास्त्रज्ञांनीं तपासून पाहिलें आहे.

१९७८ सालीं अमेरिकेंत ब्रिकमन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. लॉटरीचें मोठें बक्षीस मिळालेल्या २२ जणांस व तसें कांहीं न मिळालेल्या २२ जणांस त्यांनीं प्रश्न विचारले होते. बक्षीस मिळालेलीं माणसें इतरांपेक्षां फारशीं अधिक सुखी आढळलीं नाहींत. इतकेंच नव्हे, तर मित्राशीं गप्पा मारणें, न्याहरी करणें, मासिक वाचणें अशा रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांहून कमी आनंद वाटत होता. मोठें सुख घरांत आलें, पण येतांना तें लहान सुखांचा रंग फिका करून गेलें!

अर्थात् इतक्या थोड्या माणसांवरून सिद्धांत बांधूं नये. स्वीडनमधील लॉटरीविजेत्यांची पुष्कळ मोठी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तींत पैशानें जीवनाविषयींचें समाधान अनेक वर्षें वाढलेलें राहतें, असें दिसलें. परंतु प्रत्यक्ष सुखीपणांत पडलेला फरक त्या मानानें बराच कमी होता.

असें कां व्हावें? याचें मुख्य कारण सवय हें होय. उदबत्ती लावलेल्या खोलींत शिरतांच सुवास येतो, पण थोड्याच वेळांत तो जाणवेनासा होतो. उदबत्ती विझलेली नसते; आपलें नाक सरावलेलें असतें. मनाचेंही तसेंच आहे. जें नित्य हाताशीं असतें, त्याकडे मन पाहीनासें होतें.

ही सवय मोडण्याचा एक सोपा उपाय आहे. तो म्हणजे मधून मधून थांबणें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं लोकांस आठवडाभर चॉकोलेट वर्ज्य करावयास सांगितलें, तर दुसऱ्या कांहींना हवें तितकें खाण्यास भरपूर दिलें. आठवड्यानंतर सर्वांस चॉकोलेट खावयास दिलें, तेव्हां ज्यांनीं तें सोडलें होतें त्यांना त्याची गोडी अधिक वाटली. आपल्याकडे हापूस आंब्याची थोरवी त्याच्या रसांत आहेच; पण तो उन्हाळ्यापुरताच घरांत येतो, यांतही ती आहे. बारा महिने रोज ताटांत आंबा असता, तर आढी उघडतांना मुलांनीं अशी गर्दी केली असती काय?

दुसरा उपाय म्हणजे लक्ष देणें. पहिल्या पावसानें मातीचा वास सुटतो. मातींतील सूक्ष्म जीव जिओस्मिन नांवाचें एक द्रव्य तयार करतात, तें या वासाचें एक कारण होय. आणि त्याचा अत्यंत अल्प अंशही आपल्या नाकास ओळखतां येतो. एवढी तीक्ष्ण शक्ति देहांत असतां, आपण खिडकी लावून घेऊन दुसऱ्याच कसल्या तरी विवंचनेंत बसलों, तर तो वास कोणासाठीं सुटला?

येथें एक इशारा द्यावयास हवा. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं, त्याला पावसाच्या वासावर समाधान मानण्यास सांगणें, हा उपदेश नव्हे, निष्ठुरपणा होय. अन्न, औषध व शिक्षण यांसाठीं झटलेंच पाहिजे. महत्त्वाकांक्षाही अवश्य धरावी. मात्र जो विद्यार्थी आजच्या ताज्या भाकरीचा, मित्राच्या हसण्याचा व सुटलेल्या एका गणिताचा आनंद घेऊं शकत नाहीं, त्याला उद्यांचें यशही थोड्याच दिवसांत शिळें वाटूं लागेल.

म्हणून पालकांस एवढीच विनंति कीं, मुलास नवी वस्तु घेऊन देण्यापूर्वीं, हातांत असलेल्या वस्तूचा आनंद त्याला घेतां येतो कीं नाहीं, हें एकदां पाहावें. ही विद्या शिकविण्यास पैसा लागत नाहीं. थोडा वेळ मात्र लागतो.