घरातली रायफल आणि तिच्यासोबतचे सामान



आपल्याकडच्या जुन्या घरांतून वडिलांच्या-आजोबांच्या नावची दुनाळी किंवा ३१५ बोअरची रायफल अजून पाहायला मिळते. मळ्यातली वस्ती, एकटे घर, पिकात रानडुकरे, म्हणून कधीकाळी परवाना काढलेला. आता पोरे नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीला स्थायिक झाली. परवानाधारक वडीलही वर्षातले चार-सहा महिने तिकडे राहतात आणि बंदूक मागे बंद घरात कशी ठेवायची म्हणून ती बरोबर नेतात. तेथे गेल्यावर दुकानदार दुर्बीण दाखवतो, बॅटरी दाखवतो, नवा पट्टा दाखवतो. यातले घ्यावे काय आणि सोडावे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम हत्यार कोणते आहे ते ओळखावे. ३१५ बोअर हे इंग्रजांच्या अमदानीतले माप. लष्कराची ३०३ ची काडतुसे बाहेरच्यांच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून खाजगी लोकांना हे वेगळे माप दिले गेले. पुढे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत या रायफली तयार होत राहिल्या. तिची गोळी शिवारासाठी आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमधली चार इंची विटेची भिंत तिला अडवू शकत नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे लेकरू झोपलेले असते. बाराबोरच्या बारीक छऱ्यांचा जोर त्या मानाने लवकर ओसरतो, तरी दार आणि पातळ भिंत त्यांनाही पुरेशी नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, शहरातल्या घरात रायफल ही रक्षणाची वस्तू म्हणून अगदी शेवटच्या नंबरला धरावी. आधी दाराला जाळीचा दुसरा दरवाजा, भक्कम कडी, बाहेरचा माणूस दिसेल अशी काच, आणि फोनवर ११२. हे सामान बंदुकीच्या दुकानात मिळत नाही, पण रक्षण खरे यानेच होते.

आता दुर्बिणीचे. दारापासून समोरची भिंत पंधरा फूट. तिथे दुर्बीण लावून नेम धरणारा माणूस समोरचे काहीच धड पाहू शकत नाही. नळीवरची माशी पुरेशी आहे. दुर्बिणीचे पैसे वाचवून लोखंडी कपाट घ्यावे. आवाज किंवा जाळ कमी करणारी नळी कोणी चोरून देऊ केली तर हातही लावू नये. शस्त्र नियमांत ती बंदी असलेल्या वर्गात मोडते, परवाना कितीही जुना असला तरी उपयोग नाही.

बॅटरी मात्र अवश्य हवी, आणि ती हातातली हवी. पूर्वी शिकारी लोक कड्या घालून नळीखाली बॅटरी बांधत. रानात ते ठीक होते. घरात तसे केले म्हणजे ज्याच्यावर उजेड टाकाल त्याच्यावर नळीही रोखली जाते. कल्याण-डोंबिवलीत रात्री दीड वाजता दाराशी खुडबूड होते ती बहुतेक वेळा शेवटच्या लोकलने आलेल्या आपल्याच पोराची असते. चावी सापडत नाही, घरचे जागे होऊ नयेत म्हणून हळू हात लावतो. अंधारात रोखलेल्या नळीपुढे तो आणि चोर सारखेच. म्हणून आधी दिवा, मग नाव घेऊन हाक, आणि बंदूक कपाटातच.

कपाट हे सगळ्यांत महत्त्वाचे सामान. भिंतीत बोल्टने ठोकलेले, चांगल्या कुलपाचे, आणि चावी फक्त परवानाधारकाजवळ. देवघरातल्या डब्यात, पिठाच्या डब्यात चावी ठेवली तर ती पोरांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते. काडतुसे निराळ्या पेटीत, निराळ्या कुलपात. रायफलचा बोल्ट काढून वेगळा ठेवता येतो. दुनाळीची नळी आणि दस्ता सुटे करता येतात. गावाकडे भरलेली बंदूक खुंटीला टांगण्याची काही घरांत रीत होती, ती शहरात नेऊच नये, आणि खरे म्हणजे गावातही ती मोडावी. कोणी म्हणेल, मग ऐनवेळी काय? ऐनवेळी दार टिकले पाहिजे. दार टिकले तर कपाट उघडायला वेळ मिळतो, आणि पोलीसही येतात.

यानंतर हवेचा प्रश्न. आपल्या घाटमाथ्याकडे कोरडी हवा. ठाण्याची खाडी, कल्याणची खाडी आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांत लोखंड आठवड्यात तांबूस होते. त्यासाठी नळीच्या मापाचा गज, पितळी तारेचा ब्रश, सुती चिंध्या आणि बंदुकीचे पातळ तेल एवढे पुरते. तेल मिळाले नाही तर शिवणयंत्राचे चालेल. खोबरेल किंवा गोडेतेल मात्र लावू नये, ते चिकटून राळेसारखे बसते. रायफल शक्यतो मागच्या बाजूने, बोल्ट काढून साफ करावी, तोंडाकडून गज घासून नळीची कड झिजते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तरी हात फिरवावा. नळीत तेल साचलेले असताना गोळी उडवू नये.

कव्हरबद्दल लोकांचा गोंधळ होतो. सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी नेण्यास नियमाने मनाई आहे, म्हणून प्रवासाला पूर्ण झाकणारे कव्हर लागतेच. पण घरी आल्यावर बंदूक त्यातून काढावी. कातडी कव्हर दमट हवा धरून ठेवते आणि दस्त्याजवळचा भाग आतून गंजतो. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पट्टा शेतात चालताना उपयोगाचा, फ्लॅटमध्ये दाराच्या कडीत अडकतो. दस्त्याला रबरी गादी लावली तर वयस्क माणसाच्या खांद्याला धक्का कमी बसतो, खर्चही थोडा. सराव करायचा तर मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. गच्चीवर किंवा लग्नात हवेत बार काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

बिबट्यासाठी बंदूक हवी असेही काहीजण म्हणतात. आपला ऊस आणि बिबट्या यांचा संबंध सभासदांना सांगायला नको. शहरातही तो येतो : २० फेब्रुवारी २०१९ ला ठाण्यात एका मॉलजवळ आणि हॉटेलात, २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या एका इमारतीत शिरला होता. दोन्ही वेळा भूल देऊन पकडला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवण्यासाठी केलेली कृती कायदा माफ करतो, पण तसा प्रसंग होता हे दाखवावे लागते. माणसे खोलीत बंद करून वनखात्याला बोलवावे.

माणसाच्या बाबतीतही तसेच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमे ३४ ते ४४ आहेत. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्धचा हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर वकिलाला बोलायला फारसे काही उरत नाही.

कागदांचे एक पाकीट हेही सामानातच धरावे : परवाना, काडतूस खरेदीच्या पावत्या, नूतनीकरणाची तारीख. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे परवान्याचा अधिकार ठाणे पोलीस आयुक्तांकडे, तर मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मुक्काम हलवला तर आपल्या जिल्ह्यात आणि नव्या जागी, दोन्हीकडे लेखी कळवावे. परवानाधारक वारला तर बंदूक मुलाची आपोआप होत नाही, ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपला अर्ज करायचा असतो.

जुन्या पेटीत कागदी खोळीची, फुगलेली किंवा बुडाला हिरवे चढलेले काडतूस सापडले तर ते उडवून पाहू नये, खाडीत टाकू नये, भंगारातही देऊ नये. परवान्यासह जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावे आणि पोच घ्यावी.