एरोबिक नृत्य व तरुणींची हृदयक्षमता

एरोबिक नृत्य हा संगीताच्या ठेक्यावर सलग करावयाचा, शरीरातील मोठ्या स्नायूंना लयबद्ध हालचाल देणारा व्यायामप्रकार आहे. 'एरोबिक्स' ही संज्ञा अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील पुस्तकामुळे रूढ झाली. तिला नृत्याची जोड जॅकी सोरेन्सन यांनी १९६९ मध्ये दिली. महाराष्ट्रात झिम्मा, फुगडी व लेझीम यांतून असे श्रम पूर्वापार होत आले आहेत. मात्र मंगळागौरीचे खेळ श्रावणातील काही रात्रींपुरतेच असतात, आणि हृदयाला लाभतो तो नियमितपणा.

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील तुर्भ्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या अनेक तरुणींचा दिवस बैठ्या कामात व प्रवासात सरतो. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. खोलीभर जागेत, साधनांविना करता येणारे नृत्य म्हणूनच येथे सोयीचे ठरते.

हृदयावरील परिणाम

नियमित सरावाने हृदयाच्या डाव्या जवनिकेत अधिक रक्त भरते व प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त बाहेर पडते. त्यामुळे तेवढ्याच श्रमाला कमी ठोके पुरतात आणि विश्रांतीच्या वेळची नाडीही मंदावते. स्नायूंतील केशवाहिन्या व तंतुकणिका वाढल्याने प्राणवायूचा वापर सुधारतो.

मापन

क्वीन्स कॉलेज पायरी चाचणीत स्त्रिया ४१.३ सेंमी उंचीच्या पायरीवर मिनिटाला २२ वेळा या गतीने ३ मिनिटे चढउतार करतात. त्यानंतरच्या प्रतिमिनिट नाडीठोक्यांना ०.१८४७ ने गुणून गुणाकार ६५.८१ मधून वजा केला असता कमाल प्राणवायू-ग्रहणाचा अंदाज मिळतो. उदाहरणार्थ, नाडी १६८ वरून १५६ वर आल्यास हा अंदाज दर किलो वजनामागे मिनिटाला ३४.८ वरून ३७ मिलिलिटरवर जातो. हा अंदाजच होय. प्रयोगशाळेतील मोजणीची जागा तो घेत नाही.

प्रमाण व दक्षता

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस करते. नाचताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची साधी खूण. नवी मुंबईच्या दमट हवेत त्याच श्रमाला नाडी अधिक चढते, हे ध्यानात घ्यावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असल्यास रक्त प्राणवायू कमी वाहून नेते व थोड्या श्रमानेही धाप लागते. ती 'सवय नसल्याची' समजली जाण्याचा संभव असतो. अशा वेळी नाचाचा वेग वाढवण्याआधी रक्ततपासणी आवश्यक ठरते. व्यायामात छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास तो तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जाणे इष्ट.