फावल्या वेळातला नकाशा

मुलांनो, शाळा सुटली, अभ्यास झाला, घरची कामेही आटोपली. आता तुमच्याजवळ अर्धा तास उरला आहे. या अर्ध्या तासात हजारो मैलांवरच्या माणसाला मदत करता येईल का? ही खरी हकिकत वाचा.

कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा एक गरीब देश आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथील हजारो इमारती कोसळल्या. लाखो लोक बेघर झाले. देशोदेशींहून मदतीची पथके आली. पण शहराचा तपशीलवार नकाशाच मिळेना. रस्ता माहीत नसेल, तर औषधे आणि पाणी पोहोचवायचे कसे?

ही अडचण दूर केली ती दूरदेशी घरी बसलेल्या माणसांनी. 'ओपन स्ट्रीट मॅप' हा संगणकावरील जगाचा नकाशा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. तो कोणीही पाहू शकतो आणि त्यात भरही घालू शकतो. भूकंपानंतर उपग्रहांनी टिपलेली शहराची छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली. मग निरनिराळ्या देशांतील शेकडो स्वयंसेवक कामाला लागले. छायाचित्रात रस्ता दिसला, की त्यावर रेघ ओढायची. तंबूंची वस्ती दिसली, की खूण करायची. एकाची चूक दुसरा सुधारी. कोणी एक गल्ली काढली, कोणी दहा. थोड्याच दिवसांत नकाशा तयार झाला आणि मदतपथके तो वापरू लागली.

हे कसे घडले? यंत्राने दूरची माणसे एकत्र आणली. पण वेळ दिला तो माणसांनीच. उर्दूत आपण म्हणतो, 'कतरा कतरा दरिया बनता है.' मराठीत म्हणतात, 'थेंबे थेंबे तळे साचे.'

उपग्रहाला आकाशातून रस्ता दिसतो; पण त्याचे नाव दिसत नाही. तुमच्या मोहल्ल्यातील दवाखाना कोणत्या गल्लीत आहे, हे तुम्हांलाच ठाऊक असते. या नकाशावर एकाच जागेचे नाव अनेक भाषांत लिहिता येते. तुम्हांला उर्दू येते आणि मराठीही. शिक्षकांच्या किंवा घरच्या मोठ्यांच्या मदतीने आपल्या गल्लीचे नाव दोन्ही भाषांत लिहा. एखाद्या रात्री दवाखाना शोधणाऱ्या अनोळखी माणसाला तुमचा तो अर्धा तास वाट दाखवील.