गुलाल, ऊन आणि कॅमेऱ्याचा ब्रँड

लग्नसराई जवळ आली की जालन्यातल्या फोटो स्टुडिओंत एक वाद हमखास रंगतो. कॅननच घ्यावा, निकॉन जास्त दणकट, की आता सोनीशिवाय पर्याय नाही? प्रत्येकाकडे आपापला पुरावा असतो. कुणाचा कॅनन दहा वर्षे चालला, कुणाच्या चुलतभावाचा निकॉन दुसऱ्याच सीझनला बसला. यात खोटे कुणीच बोलत नाही. पण एक-दोन कॅमेऱ्यांवरून अख्खी कंपनी तोलली जाते आणि त्या भरवशावर घनसावंगी-मंठ्याकडची तरुण मुले कर्ज काढून कॅमेरा घेतात, म्हणून काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

पहिला समज असा, की अमुक कंपनीचा माल मुळातच बिघडत नाही. इतिहास वेगळे सांगतो. निकॉनच्या २०१२ च्या डी६०० मध्ये सेन्सरवर डाग पडत. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने त्यातले शटर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. कॅननच्या २००५ च्या पहिल्या फाइव्ह-डी मध्ये आरसा निखळायचा आणि तोही कंपनीने मोफत दुरुस्त करून दिला. सोनीच्या अल्फा ७ थ्रीचे शटर अकाली निकामी होते, असा दावा करत अमेरिकेत ग्राहक २०२१ मध्ये कोर्टात गेले. २०२३ मध्ये आलेल्या निकॉन झेड८ च्या काही नगांत तर पट्टा अडकवायची कडीच सैल निघाली. याच कंपन्यांचे इतर अनेक कॅमेरे वर्षानुवर्षे विनातक्रार चालले आहेत. दोष असतो तो एखाद्या मॉडेलचा, कधी एखाद्या खेपेचा. नवे मॉडेल बाजारात आल्या आल्या उचलण्यापेक्षा सहा-आठ महिने थांबावे, हा त्यातून निघणारा माझा सल्ला.

‘मेड इन जपान’ नसेल तर माल हलका, हाही तसाच समज. निकॉनचे डी७५० आणि डी८५० हे नावाजलेले कॅमेरे थायलंडमध्ये बनले. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या अयुथया भागात पूर आला, निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला आणि जगभर कॅमेऱ्यांची टंचाई झाली. इतके उत्पादन त्या एका ठिकाणी होत होते. धातूची बॉडी म्हणजे टिकाऊ, हेही अर्धेच खरे. डी७५० च्या पुढच्या भागात कार्बन फायबर मिसळलेले प्लास्टिकच वापरले आहे.

आता आपल्या जिल्ह्याचे. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर वापराचे तापमान दिलेले असते. कॅनन घ्या, निकॉन घ्या, सोनी किंवा फुजीफिल्म घ्या, वरची मर्यादा साधारण एकच सापडते : ४० अंश सेल्सिअस. मे महिन्यात जालन्याचा पारा ४० च्या वर जातो आणि लग्नेही तेव्हाच असतात. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मंडप, वर व्हिडिओचे दिवे आणि उन्हात तापलेली काळी बॉडी. अशा वेळी कॅमेरा रेकॉर्डिंग मध्येच थांबवून बंद झाला, तर त्याला ‘डब्बा’ म्हणू नये. सेन्सर आणि प्रोसेसर जळू नयेत म्हणून तो स्वतःच थांबतो. कॅननचा आर५ २०२० मध्ये आला तेव्हा ८के व्हिडिओ सलग साधारण २० मिनिटे चालेल असे कंपनीने सांगितले होते, आणि तो आकडा २३ अंश तापमानाचा होता. तासन् तास व्हिडिओ करणाऱ्याने ब्रँडआधी कॅमेऱ्यात पंखा आहे का ते बघावे. पॅनासॉनिकच्या एस१एच मध्ये तो आहे, कॅननच्या आर५ सी मध्येही आहे. पंखा नसेल, तर दोन विधींच्या मध्ये बॉडी बंद करून सावलीत ठेवावी. कारच्या डिकीत मात्र कधीच ठेवू नये.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज ‘वेदर सील’चा. या शब्दाला कॅमेऱ्यांच्या धंद्यात ठरलेले माप नाही. मोबाइलवर आयपी६८ सारखा आकडा असतो, कारण तशी चाचणी झालेली असते. कॅनन, निकॉन, सोनी आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांना असा आकडा देतच नाहीत. ओएम सिस्टिमच्या २०२२ च्या ओएम-१ ला आयपी५३ मिळाला, तो अपवादांपैकी एक. शिवाय सील ही बॉडी आणि लेन्स दोघांनी मिळून होणारी गोष्ट आहे. दोन लाखांच्या बॉडीवर मागे रबरी कडे नसलेली स्वस्त लेन्स लावली, की दार उघडेच राहिले. झूम करताना लांब होणारी लेन्स हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ येते.

आणि गुलाल धुळीपेक्षा वाईट. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो, अनंत चतुर्दशीला मिरवणुका असतात, हळदीच्या कार्यक्रमातही आता रंग उधळतात. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपनीने तिथल्या रंग उधळण्याच्या शर्यतींतून परत आलेल्या लेन्स उघडून दाखवल्या आहेत. रंगाची पूड आतल्या भिंगांपर्यंत पोहोचलेली होती. ही पूड इतकी बारीक असते की चांगल्या सीलच्या लेन्सचाही भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी बॉडीला पावसाळी कव्हर घालावे, लेन्सच्या तोंडावर साधा फिल्टर लावावा आणि गर्दीत लेन्स बदलू नये. मिररलेसवाल्यांनी हे जास्त पाळावे. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये सेन्सर ४४ मिलिमीटर आत असे, नव्या आरएफमध्ये तो २० मिलिमीटरवर आला आहे. निकॉन झेडमध्ये १६, सोनीत १८. शिवाय त्याच्यापुढे आरसाही नाही.

डीजेच्या गाडीवरचा लेझर हा त्याहून मोठा धोका. लेन्स तो किरण सेन्सरच्या एका बिंदूवर एकवटते आणि क्षणात तिथे कायमची रेघ किंवा ठिपका उमटतो. ब्रँड कुठलाही असो, सेन्सर बदलण्यावाचून उपाय उरत नाही. वॉरंटीची आशा धरू नका. लेझरपासून कॅमेरा दूर ठेवा अशी सूचना पुस्तिकेतच असते.

शटरच्या आकड्याला लोक औषधाच्या बाटलीवरची तारीख समजतात. कॅनन फाइव्ह-डी मार्क फोरला १,५०,००० क्लिक, निकॉन डी८५० ला २,००,०००, असे कंपन्या सांगतात, पण ती चाचणीतली मजल आहे. शटर त्याआधीही जाते आणि पुढेही चालते. सेकंड-हँड घेताना हा हिशेब करा : एका लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत ३,००० फोटो धरले, तर १,५०,००० म्हणजे ५० लग्ने. दोन सीझन काढलेला कॅमेरा ‘कमी वापरलेला’ म्हणून विकायला येतो, तेव्हा शटर काउंट स्वतः काढून बघा. भारतातल्या कंपनीची वॉरंटी असलेले बिलही मागा. बाहेरून आणलेला कॅमेरा स्वस्त पडतो, पण इथले अधिकृत सेवा केंद्र तो वॉरंटीत घेईलच असे नाही.

लग्नाच्या धंद्यात भरवसा म्हणजे काय, यावर माझे मत ठाम आहे. बॉडी बिघडली तर दुसरी मागवता येते, सप्तपदी परत घेता येत नाही. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा घ्यावा. निकॉन झेड६ आणि कॅनन ईओएस आर हे २०१८ चे कॅमेरे एकाच कार्डाचे होते. त्याच वर्षीच्या सोनी अल्फा ७ थ्रीमध्ये दोन होती. २०२० मध्ये निकॉनने झेड६ टू मध्ये आणि कॅननने आर६ मध्ये दोन कार्डांची सोय केली. आज जुन्या बाजारात ही सगळी मॉडेले जवळपासच्या किमतीत शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. तिथे कंपनीचे नाव वाचण्याआधी कार्डाचे झाकण उघडून आत किती खाचा आहेत ते बघावे.